तोंडाला वास येतोय? ओठ वर करून बघ

अगं, "मांजराच्या तोंडाला वास यायचाच" असं कोणी सांगितलं तुला? मासळीचा वास थोड्या वेळात जातो. सडका वास टिकला तर ओठ हळूच वर करून बघ. दातांच्या मुळाशी लाल रेघ दिसली की हिरड्या सुजायला लागल्यात असं समज.

आमच्या कोथरूडच्या घरातला बोका वाटीकडे धावत यायचा, एक घास घेऊन फिस्कारत पळायचा. मला वाटलं, नखरे! तपासलं तर एक दात मुळापाशी विरघळत चालला होता, काढावाच लागला. मांजरं दुखणं लपवतात, खाणं सुटेपर्यंत थांबू नकोस.

हिरड्या दुखत नसतील तरच रोज ब्रश कर. आधी आठवडाभर नुसतं बोट फिरव. पेस्ट मांजरांचीच घे, ती थुंकत नाहीत, गिळतात. ३० दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ. घट्ट बसलेलं कीटण मात्र भूल देऊन डॉक्टरांनीच काढायचं. भूल म्हटलं की पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता. आधी रक्ततपासणी करून घे. आणि घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नकोस, मांजराला ती विषच.