देव्हाऱ्यातली पंखवाली बाई

प्रश्न : मे महिन्यात मुंबईचा भाचा आला होता, त्याने हट्टाने 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' लावला. साडेतीन तासांचा पिक्चर, मध्ये दोनदा लाइट गेली तरी पूर्ण बघितला. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात एवढं काही झालं हे आम्हाला माहीतच नव्हतं. पण आमचे पणजोबा 'जर्मनच्या लढाईत बसऱ्याला' गेले होते, नदीकाठी कोंडले गेले, लोकांनी घोडं खाल्लं असं आजी सांगायची नि आम्ही थाप समजायचो. देव्हाऱ्यात त्यांचा बिल्ला आहे, त्यावर पंखवाली बाई, आजी देवी समजून हळदकुंकू वाहायची. याचा त्या पिक्चरशी काही संबंध?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आहे की, आणि आधी आजीची माफी मागा!

पिक्चरमध्ये उंट, वाळू आणि लॉरेन्स झालेल्या पीटर ओ'टूलचे निळे डोळे. (आख्ख्या पिक्चरमध्ये एकाही बाईला वाक्य नाही, बघितलंत का? आणि लॉरेन्स जिंकतो ते अकाबा गाव स्पेनमध्ये सेट लावून शूट केलंय.) पण पिक्चरमध्ये ज्यांच्याशी लढाई आहे त्याच तुर्कांशी इंग्रजांची दुसरी लढाई इराकमध्ये चालू होती, तेव्हाचा मेसोपोटेमिया, आणि तिथे लढायला फौज गेली ती मुख्यतः हिंदुस्थानातली. पहिली तुकडी ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून बोटीने निघाली, नोव्हेंबरात बसरा घेतलं. पुढे वरच्या साहेबांना बगदादचा मोह झाला, त्यांनी इंग्रज जनरल टाउनशेंडला पुढे धाडलं, वाटेत मार खाऊन तो टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात मागे आला आणि डिसेंबर १९१५ पासून तिथेच कोंडला गेला. सोबत पुण्याची सहावी डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी, आणि मराठा पलटणीत रत्नागिरी जिल्ह्यातली पोरं भरपूर असायची.

धान्य संपलं तसे घोडे कापायला लागले. आपले शिपाई धर्माच्या भीतीने बरेच दिवस शिवेनात, इकडून धर्मगुरूंची परवानगी मागवली तरी शिवेनात, मग स्कर्व्हीने (ताजी भाजी, आंबट फळं न मिळाल्याने होणारा रोग) हिरड्या सुजून रक्त यायला लागलं. आमसुलाशिवाय ज्याचं जेवण होत नाही अशा माणसाचं आंबटावाचून हे असं व्हावं! एप्रिलमध्ये उपासमार झाली तेव्हा कुठे खाल्लं.

आता तुमचा लॉरेन्स, पिक्चरमधला तो इंग्रज अधिकारी. एप्रिल १९१६ मध्ये तो स्वतः तिथे गेला होता, वीस लाख पौंड घ्या नि वेढा सोडा असं तुर्की सेनापतीला सांगायला. तुर्कांनी नाही म्हटलं. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजार लोक शरण गेले, शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, हजारो मेले, आणि टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात. पिक्चरमध्ये यातलं अक्षर नाही, कारण तो सुरूच त्यानंतर होतो.

तुमची 'देवी' म्हणजे व्हिक्टरी मेडल, त्या महायुद्धाचं इंग्रज सरकारचं पदक. प्रत्यक्ष लढाईच्या मुलखात गेलेल्यालाच ते मिळायचं. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव नि पलटण बारीक इंग्रजी अक्षरात कोरलेली असते, तेव्हा चिंच लावून घासू बिसू नका, झिजेल. मोबाइलच्या टॉर्चखाली कड हळूहळू फिरवून वाचा, १०३, ११० किंवा ११७ आणि पुढे मराठा दिसलं तर घोड्याची गोष्ट कुठली ते कळलंच, आणि फोटो आम्हालाही पाठवा. हळदकुंकू असू दे, ते कडेला नाही लागत.