विडंबन नेमकं कुणाचं?

प्रश्न असा आहे: भोंडल्याचं गाणं कुणी गमतीनं बडा ख्याल (शास्त्रीय गायनातला संथ, विस्तारानं गायचा प्रकार) करून गायलं, तर त्याला ‘लोकगीताचं विडंबन’ म्हणावं, की ती लोकगीताची विटंबना झाली?

विटंबनेचं आधी. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. संस्कृतात ‘विडम्बन’ म्हणजे अनुकरण, आणि चेष्टाही. मराठीत ‘ड’चा ‘ट’ होऊन जी विटंबना झाली, तिच्या वाट्याला सगळा अपमान गेला आणि विडंबनाकडे हसू उरलं. (हिंदीतली ‘विडंबना’ म्हणजे दैवदुर्विलास. ती तिसरीच.) तेव्हा विटंबना नाही, एवढं नक्की.

आता ‘लोकगीताचं’ यातला ‘चं’. खरी गोची तिथे आहे. विडंबन ज्याचं, हसू त्याचं. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’त (१९२५) हसू येतं ते त्या काळच्या कवींच्या लकबींचं. इथे तसं पाहा. ‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा.’ हे विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालात घ्या. अतिविलंबितात बारा मात्रांचं एक आवर्तन सहज मिनिटभर चालतं. बी पेरलं, आता कोंब येऊ दे. कोंब आला, आता वेल वाढू दे. सासू माहेर लांबवते, गवई सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, लांबवतो. मग ‘कारल्याचा, काऽऽरल्याचा’ अशी बोलतान, म्हणजे शब्द घेऊन मारलेली तान. हसू कुणाचं आलं? सुनेचं नाही, कारल्याचंही नाही. ख्यालाचं.

आणि गंमत म्हणजे मजकूर ख्यालाला परका नाहीच. कितीतरी बंदिशींत सास-ननदेचीच गाऱ्हाणी असतात. पण ती ब्रजभाषेत, स्वरांत विरघळलेली. आपण ‘वा’ म्हणतो आणि शब्द सोडून देतो. मराठीत तेच गाऱ्हाणं कानाला लख्ख कळतं, आणि एका कारल्यासाठी चाललेला तो सगळा खटाटोप दिसायला लागतो. अस्सल ख्याल ऐकतानाही मला हल्ली मध्येच सासू दिसते, त्याला इलाज नाही.

‘विडंबनगीत’ हा शब्दही इथे बसत नाही. त्यात चाल तीच ठेवून शब्द नवे घालतात. इथे शब्द तेच आणि चाल नवी.

म्हणून मी ‘ख्यालाचं विडंबन’ म्हणेन. लोकगीत त्यात नुसतं निमित्त. फक्त एखाद्या ठरावीक बुवांचे हातवारे, त्यांचा नाकातला स्वर, तंबोऱ्याकडे टाकलेला रागीट कटाक्ष असं सगळं उचललं असेल, तर ती नक्कल. नक्कल माणसाची होते, विडंबन शैलीचं.