राज्याची राज्यघटना?

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. तिने निबंधात लिहिलं, ‘अमेरिकेत प्रत्येक राज्याची वेगळी राज्यघटना आहे.’ तपासणाऱ्यांनी ‘राज्याची राज्यघटना’वर लाल रेघ मारून बाजूला ‘द्विरुक्ती’ लिहिलं. चूक कुणाची? आणि ‘संघराज्य’ म्हणजे संघातलं एक राज्य का?

माहिती तिची बरोबर आहे. मॅसॅच्युसेट्सची घटना १७८० ची, म्हणजे १७८७ मध्ये तयार झालेल्या अमेरिकी संविधानाहूनही जुनी. दोन्हींत विरोध आला तर देशाचं संविधान वरचढ, एवढं तिथल्या कलम ६ मध्ये स्पष्ट आहे. द्विरुक्तीही नाही, कारण दोन्ही ‘राज्यं’ वेगळी आहेत.

आपल्याकडे ‘राज्य’ या शब्दाला फार राबवलंय. ‘राज्य करणे’मध्ये ती सत्ता, ‘महाराष्ट्र राज्य’मध्ये प्रांत, आणि लपाछपीत तर ते कुणावरही येतं. ‘राज्यघटना’तलं राज्य म्हणजे अख्खी शासनव्यवस्था. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १२ मध्ये मूलभूत हक्कांपुरती ‘राज्य’ची व्याख्या आहे, तिच्यात संसद, राज्यांची विधिमंडळं आणि स्थानिक प्राधिकरणंही येतात. म्हणजे त्या अर्थी आपली पुणे महानगरपालिकासुद्धा ‘राज्य’च.

‘संघराज्य’चा विग्रह ‘संघातलं राज्य’ असा केला की घोटाळा होतो. तो ‘संघरूप राज्य’ असा करावा. म्हणून भारत हे संघराज्य, महाराष्ट्र नव्हे. ‘भारतातील २८ संघराज्ये’ असं छापलेलं मी वाचलंय, ते चूकच. महाराष्ट्रासाठी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘घटकराज्य’ हा नेमका शब्द आहे, परीक्षा संपली की आपण तो विसरतो. अनुच्छेद १ भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हणतो. हाच शब्द का, ते डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं: हा संघ राज्यांनी आपसांत करार करून झालेला नाही, त्यामुळे कुठल्याही राज्याला त्यातून फुटून निघता येणार नाही. (नुसतं ‘भारतीय संघ’ म्हणायची मात्र सोय उरलेली नाही. ऐकणारा लगेच स्कोअर विचारतो.)

जुन्या मराठीत ही अडचण नव्हती. अमेरिकेला ‘संयुक्त संस्थाने’ म्हणत आणि ‘संस्थान’ म्हणजे काय हे पुणेकराला शिकवावं लागत नसे. भोर जवळच होतं. पण भोर काय किंवा औंध काय, स्वतःच्या मर्जीने कारभार कितपत करत, हा प्रश्न वेगळा. १९४८ मध्ये ती विलीन झाली आणि शब्द फक्त अमेरिकेपुरता उरला. आज ‘संस्थान’ म्हटलं की देवस्थान डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे तो परत आणा असं मी सुचवणार नाही.

तुझं वाक्य मी असं लिहिलं असतं: ‘अमेरिकेत प्रत्येक घटकराज्याचं स्वतःचं संविधान आहे.’ आपल्याकडे राज्यांचा कारभार एकाच संविधानाच्या सहाव्या भागात बसवलाय. वेगळं संविधान होतं ते जम्मू-काश्मीरचं, तेही २०१९ पर्यंतच. त्यामुळे ‘राज्याची राज्यघटना’ लिहायची वेळ मराठी माणसावर फारशी आलीच नाही, आणि तपासणाऱ्यांच्या कानाला ती खटकली.