रिपोर्ट नॉर्मल आले, मग बरं का वाटत नाही?

"दारू सोडून सहा-सात महिने झाले, तपासण्या चांगल्या आल्या, तरी बरं वाटत नाही." हे इतक्या जणांकडून ऐकते की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. म्हणणारे बहुधा पुरुष असतात. शेजारी बसलेली बायको मान डोलावते आणि हळूच म्हणते, "प्यायचे तेव्हा निदान हसायचे तरी." दोघांनाही वाटतं, काहीतरी बिघडलंय. खरं तर शरीर आणि मन एकाच वेगाने सावरत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

भोसरीच्या एका कारखान्यातले सुपरवायझर असेच आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बारा वर्षं रोज दोन क्वार्टर (180 मिलीच्या दोन बाटल्या). व्यसनमुक्ती केंद्रात राहून सोडली, त्यानंतर थेंब नाही. रिपोर्टची फाइल टेबलावर ठेवत म्हणाले, "मॅडम, लिव्हर नॉर्मल, बीपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आता मजेत राहा. तेवढंच जमत नाही."

रिपोर्ट खरेच होते. दारू पूर्ण बंद ठेवली तर यकृतात साठलेली चरबी बहुतेकांत 2 ते 6 आठवड्यांत बरीचशी उतरते. जीजीटी, म्हणजे दारूने वाढणारं यकृतातलं एन्झाइम, महिना-दोन महिन्यांत खाली येतं. एमसीव्हीला (तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराला) मात्र तीन-चार महिने लागतात, कारण तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि जुन्या, फुगलेल्या पेशी संपल्याशिवाय आकडा उतरत नाही. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं, झालं असेल तर गोष्ट वेगळी. तिथले व्रण पुरते जात नाहीत, पण दारू बंद ठेवल्याने पुढचं नुकसान आटोक्यात येतं आणि आयुष्य वाढतं.

मेंदूचा हिशेब लांबचा असतो. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनांना जोर देते आणि चेतवणाऱ्यांना दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू तोल राखायला उलट बाजूने जोर लावू लागतो. दारू गेल्यावर तो जोर उघडा पडतो. म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकतं. तो टप्पा दवाखान्यात निभावला तरी तुटक झोप, चिडचिड आणि विसराळूपणा काही महिने येऊन-जाऊन राहतात. झोपेची घडी बसायला काहींना वर्षाहून जास्त लागतं. आनंदाची जाणीव देणारी यंत्रणाही बोथट झालेली असते. तीही महिन्यांच्या हिशेबानेच सावरते.

एवढं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे वाट बघायची?"

"नाही. तीन आठवडे लिहायचं."

वहीत चारच गोष्टी मागितल्या: झोपल्याची आणि उठल्याची वेळ, शेवटचं खाणं कधी, चहा किती, आणि चिडचिड शून्य ते दहात किती. सुपरवायझर माणूस, वही चोख ठेवली. तीन आठवड्यांनी पानं उलटताना त्यांनाच दिसलं की सेकंड शिफ्टच्या आठवड्यात चिडचिड तीन-चारवर होती आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आठवर. तीही संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. फर्स्ट शिफ्टला डबा साडेअकराला खाल्लेला, साडेतीनला घरी, मग फक्त चहा. पिण्याच्या वेळेला पोट रिकामं, अंग थकलेलं आणि हाताला काम नाही. वर आणखी एक हिशेब आहे. दोन क्वार्टरमधून रोज साधारण 850 कॅलरी मिळत होत्या, त्या बंद झाल्या. गोड खाण्याची ओढ लागते त्याचं हे एक कारण.

म्हणून साडेचार-पाचला काहीतरी भरीव खायचं ठरलं: उसळ, उकडलेली अंडी, नाहीतर शेंगदाणे-गूळ. चहा चारनंतर बंद. सहाला तळजाईच्या टेकडीवर चालायला. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ए.ए.ची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या गटाची, मीटिंग. चिडचिड आठवरून पाचवर आली.

पण खरी गाठ वेगळीच होती, आणि ती सुटली त्या दिवसाबद्दल मला आजही समाधान वाटतं. पुढच्या भेटीत ते चिडूनच आले. "पाचवर आली, बरं. पण मजा कुठाय? असंच राहायचं तर सोडून उपयोग काय?"

'उपयोग काय' ऐकलं की मी सावध होते. पुन्हा ग्लास उचलण्याआधी पुष्कळ जण हेच म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे माझा ओढा आहे, हे लपवत नाही. माणूस दुःखापेक्षा 'असं व्हायलाच हवं' या हट्टाने जास्त खचतो, असं मला अनुभवानेही वाटतं.

"इतक्या महिन्यांत बरं वाटायलाच हवं, असं कुणी सांगितलं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कुणी नाही. पण एवढं सोडलं, तर काही मिळायला नको?"

"मिळावं, असं मलाही वाटतं. नाही मिळालं, तर सहन होणार नाही का?"

"आत्तापर्यंत केलंच की."

"बरं, कामावर काय बदललंय?"

हे त्यांना अनपेक्षित होतं. आठवून आठवून सांगू लागले. ड्रॉइंग पूर्वी दोनदा वाचावं लागायचं, आता एकदाच. हँडओव्हरला वही बघावी लागत नाही. कॅलिपर धरताना हात हलत नाही. बोलता बोलता स्वतःच थांबले. "हे मी धरलंच नव्हतं."

कारण माप अजून दारूचंच होतं. पंधरा-वीस मिनिटांत चढते तीच मजा, बाकी सगळं शून्य! साधा आनंद सावकाश येतो आणि बेताचा असतो, त्या मापात तो दिसणारच नाही. त्या दिवसापासून वहीत पाचवा रकाना आला: 'आज काय जमलं'. चांगले रिपोर्ट आणि कोरं मन एकत्र असतात ते हे मधले महिने मला सगळ्यांत धोक्याचे वाटतात. याच काळात "आता बरा झालोय, एखादी बिअर चालेल" हा विचार डोकावतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत क्वार्टरमधल्या अल्कोहोलच्या जवळपास दोन-तृतीयांश अल्कोहोल असतं, एवढं तरी तेव्हा आठवावं.

त्यांची दुसरी तक्रार होती, "बायको अजून तोंडाचा वास घेते." तिने विश्वास ठेवायलाच हवा, हाही तोच हट्ट. बारा वर्षं दाराकडे कान लावून काढलेल्या बाईची भीती नवऱ्याच्या लिव्हर रिपोर्टने जात नाही. तिला अल-अनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाच्या, मीटिंगला जायला सुचवलं, आणि बाहेरून उशीर होणार असेल तर आधी फोन करायचं काम त्यांच्याकडे दिलं.

घरच्यांना एक सांगायचंच आहे. दारू सोडण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी चहात, भाजीत गुपचूप घालू नका. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच घ्यायची असते.

झोपेसाठी मेडिकलमधून अल्प्राझोलॅमसारखी गोळी मनाने आणू नये, तिचंही व्यसन लागतं. तळपायांची आग होत असेल, मुंग्या येत असतील तर बी-12 तपासून घ्या आणि थायमिनबद्दल (बी-1 जीवनसत्त्वाबद्दल) डॉक्टरांना विचारा. नसा सावरायला महिने लागतात. उदासी दोन आठवडे दिवसभर टिकली, कशातच मन लागेना, तर 'दारू सोडल्यामुळे होतंय' म्हणून थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच दिवशी जा. रात्र असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.