घर सुटण्याआधी काय करता येईल?

प्रश्न : आमच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या एका ताईंचे यजमान दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले. ते बांधकामावर सेंट्रिंगचे काम करीत. ताई धुणीभांडी करतात. मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी ९ वर्षांची आहे. तीन महिन्यांचे भाडे थकल्यामुळे घरमालकांनी महिनाअखेरीस खोली रिकामी करण्यास सांगितले आहे. आम्ही वर्गणी काढणार आहोत, पण ती किती दिवस पुरणार? त्यांना बेघरांच्या निवाऱ्यात पाठवावे का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : निवारा हा अगदी शेवटचा मार्ग समजावा. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे बारमाही निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले होते. परंतु स्त्रिया आणि पुरुषांची सोय बहुतेक ठिकाणी वेगळी असते आणि १३ वर्षांच्या मुलाला आईजवळ राहू देतीलच याची खात्री नसते. शिवाय खोली सुटली की कागद सुटतात. माझ्याकडे एकदा एक बाई दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन आल्या. रेशनकार्ड भिजून दुमडीवर फाटले होते, आणि नवऱ्याचे पासबुक सामान हलवताना गहाळ झाले होते. ज्या पासबुकावरून पैसे मिळण्याची शक्यता तपासता आली असती, तेच नेमके नव्हते.

म्हणून आज संध्याकाळीच ताईंसोबत बसून यजमानांचे पासबुक उघडा आणि मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झाल्याची नोंद आहे का, ते पाहा. हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता असतो. तशी नोंद असल्यास त्या विम्याचे २ लाख रुपये वारसाला मिळू शकतात. घरच्यांना याची कल्पनाही नसते, असे मी वारंवार पाहिले आहे. बँकेत मृत्यूचा दाखला घेऊन विनाविलंब जावे. दुसरी गोष्ट, ते बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदलेले होते का, हे मुकादमाला विचारा. नोंदणी चालू असेल, तर नैसर्गिक मृत्यूनंतरही वारसाला २ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते.

तहसील कार्यालयात दोन अर्ज करता येतात. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असून मृत कर्त्याचे वय १८ ते ५९ असल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, आणि संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५०० रुपये. या दुसऱ्या योजनेची वार्षिक २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आजच्या महागाईत अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही उत्पन्नाचा दाखला हाती येण्याआधीच आशा सोडू नये. मुलांसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज वेगळा करावा लागतो. एकल पालकाच्या मुलामागे दरमहा २,२५० रुपये असे तिचे स्वरूप असल्याने या घराला सर्वांत टिकाऊ आधार तिचाच होईल.

भाडेकरार कसा आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ११ महिन्यांचा करार संपला असल्यास ताईंची बाजू कमकुवत ठरते, पण तरीही सामान रस्त्यावर फेकण्याचा अधिकार मालकांना मिळत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. खोली बदलावीच लागली, तर शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला म्हणून मुलीला दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. आठवीपर्यंत हाच नियम मुलालाही लागू आहे.

वर्गणी अवश्य काढा. वरील मदत हाती पडायला काही महिने लागतात, आणि तेवढे दिवस घर टिकवणे हेच तुमच्या पैशाचे काम आहे. ती रक्कम ताईंच्या हातून मालकांना द्यावी, शक्यतो बँकेमार्फत, आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. चाळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी ताईंसोबत जाऊन थकबाकी हप्त्यांत फेडण्याची मुभा मालकांकडे लेखी मागावी. ताई स्वतः हे बोलायला संकोचत असतील, म्हणून मालकांशी पहिला शब्द तुम्हीच काढावा.