ठेका आवडतो, पण कान सहन करत नाही

आवाज सहन न होण्याविषयी मागच्या महिन्यात लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार फंक आणि सोल संगीताबद्दलची आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे ठेक्याचं, जीव ओतून गायलेलं संगीत मला स्वतःला फार प्रिय आहे, म्हणून आज तीच पत्रं घेते.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, पुण्यात राहतो. स्टीव्ही वंडरचं ‘सुपरस्टिशन’ म्हणजे माझा जीव की प्राण. पण सुरुवातीचे ड्रम झाले आणि तो करकरीत तारेचा आवाज सुरू झाला, की दात शिवशिवतात. आवाज बारीक केला तरी तेच. कान बिघडलाय का?

तुम्ही बरोबर दुखरी जागा दाखवलीत. १९७२ च्या या गाण्यात सुरुवातीचे काही क्षण फक्त ड्रम आहेत आणि तेही वंडर यांनी स्वतःच वाजवलेत. त्यानंतर जो करकरीत आवाज येतो ती गिटार नाही. ते क्लॅव्हिनेट नावाचं पट्ट्यांचं वाद्य. पट्टी दाबली की खालचा रबराचा तुकडा तारेला धातूवर आपटतो आणि पट्टी सोडली की तारेला गुंडाळलेली लोकर आवाज तिथंच मारते. म्हणजे प्रत्येक स्वर एकदम सुरू होतो आणि एकदम तुटतो. या गाण्यात अशी क्लॅव्हिनेटची अनेक रेकॉर्डिंगं एकमेकांवर चढवलेली आहेत. तुम्हाला टोचतात त्या या कडा.

आता कानाचं. आपल्या कानाची नळीच अशी घडलेली आहे की साधारण २ ते ४ हजार हर्ट्झचे आवाज ती आपोआप वाढवून आत पाठवते. करकर, टणत्कार, स्नेअर ड्रमची चटक, सगळं या पट्ट्यात ठळक ऐकू येतं. मोठ्या आवाजात रिकीब या चिमुकल्या हाडाचा स्नायू आवळून थोडं संरक्षण देतो, पण त्याला क्षणाचा काही अंश लागतो. ठोक्याची धार तोवर आत गेलेली असते.

आवाज बारीक करूनही त्रास होतो, याचा अर्थ मेंदूनं आतलं बटण वर चढवून ठेवलेलं असू शकतं. याला हायपरॲक्युसिस म्हणतात. नेहमीची श्रवणचाचणी यात अगदी नॉर्मल येऊ शकते, म्हणून ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणचाचणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे) गेलात तर ‘कितपत मोठा आवाज सहन होतो’ तेही मोजून मागा. तोवर फोनच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत, २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबलनं खाली घ्या. बास आणि ठेका जागेवर राहतील, धार तेवढी बोथट होईल.

प्रश्न : मला सगळेच आवाज लागतात, म्हणून घरातसुद्धा कानात बोळे घालून बसते. माझे यजमान सोल लावतात तेव्हा तर हमखास. चालेल ना?

ताई, हे मात्र थांबवा. कळकळीनं सांगते, कारण यात माणूस आपल्याच हातानं त्रास वाढवत नेतो. २००३ च्या एका प्रयोगात ऐकू नीट येणाऱ्या लोकांना दोन आठवडे बोळे घालायला लावले, तर त्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांना हलका सळसळ आवाज सतत ऐकवला, त्यांचं उलट झालं, सहनशक्ती वाढली. बाहेरून कमी येतंय म्हटल्यावर मेंदू कान टवकारून बसतो, दुसरं काय!

बोळे हवेत ते ढोल-ताशाच्या मिरवणुकीत, लग्नाच्या डीजेसमोर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० असतील तर जेमतेम ४ तास. घरी बोलण्याच्या आवाजात लावलेलं गाणं याच्या कितीतरी खाली असतं. बोळे एकदम काढू नका. पहिल्या दिवशी एक गाणं, यजमान पलीकडच्या खोलीत, दार उघडं. दर दोन-चार दिवसांनी थोडं जवळ.

एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं किंवा चक्कर येत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

प्रश्न : ड्रमचा मला काही त्रास नाही. पण अल ग्रीनसारखा गायक माइकजवळ येऊन हळू गातो, तेव्हा श्वास आणि ओठांचा आवाज ऐकून अक्षरशः संताप येतो. हे वेडेपण आहे का?

मुळीच नाही. याला मिसोफोनिया म्हणतात. यात आवाज किती मोठा आहे याला महत्त्व नसतं, तो कसला आहे याला असतं. तोंडाचे आणि श्वासाचे आवाज यात नेहमी आढळतात. हेडफोन काढून गाणं खोलीतल्या स्पीकरवर लावा, म्हणजे गायक कानाशी यायचा नाही. रोजच्या जेवणाच्या पंगतीतही असंच होत असेल, तर या विषयातल्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : माझी ९ वर्षांची मुलगी स्वमग्न आहे. फंक लागलं की स्पीकरवर तळहात ठेवून डोलते, पण ट्रम्पेट वाजलं की कान दाबून पळते. लावावं की लावू नये?

लावा. तिचा तळहात बरोबर जागी आहे. फंकचे जनक मानले जाणारे गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना ‘द वन’ सांभाळायला सांगत, म्हणजे प्रत्येक आवर्तनाचा पहिला ठोका. आपल्या भाषेत सम. मधले ठोके कितीही आडवे-तिरपे पडले तरी समेवर सगळे एकत्र येतात. बास म्हणूनच तिला आधार देतो, पुढचा ठोका कुठे येणार ते हाताला आधीच कळतं. ट्रम्पेट सुरुवातीपासून नसतं, ते मागाहून एकदम फुटतं. एकदम येणारा आवाज अशा मुलांना मोजून येणाऱ्या आवाजापेक्षा फार जास्त लागतो.

तेव्हा एकच गाणं निवडा आणि रोज तेच लावा. ट्रम्पेट यायच्या आधी चार बोटं एकेक करून मिटा, तिला दिसतील अशी. आवाजाचं बटण तिच्या हातात द्या आणि तिनं शून्यावर नेलं तरी काढून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं तीन आठवडे शून्यावरच ठेवलं होतं. चौथ्या आठवड्यात माझ्या आधी त्याचीच बोटं मिटायला लागली.