फी माफ म्हणजे नेमकं किती माफ?

(अभियांत्रिकी महाविद्यालयात बरीच वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचक-पालकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : ताई, आम्ही आटपाडी तालुक्यातले. यजमान दुधाचा टेम्पो चालवतात, मी शिवणकाम करते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला २ लाख १० हजारांचा आहे. मुलगी ओबीसी, जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेयर, दोन्ही हातात आहेत. कॅपमध्ये (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) तिला सांगलीकडच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळालंय. फी १ लाख ८ हजार, वसतिगृह ५० हजार. पण माझे चुलत दीर पुण्यात असतात. ते म्हणतात, तिथल्या एका नावाजलेल्या कॉलेजात संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा आहे, लगेच पैसे भरा, मुलींना सरकार सगळी फी माफ करतं, नंतर परत मिळतील. ती फी १ लाख ६५ हजार आणि वसतिगृह ९० हजार. मुलीचं मन पुण्यात आहे. सगळं माफ असेल तर आम्ही कसंही करून पहिले पैसे उभे करू. काय करावं?

उत्तर : ताई, पुण्याचे पैसे भरू नका. तुमच्या दिरांचा हेतू चांगला असेल, पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

शासनाचा निर्णय जुलै २०२४ चा. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्वी निम्मी मिळणारी फी २०२४-२५ पासून शंभर टक्के मिळू लागली. त्यासाठी आई-वडिलांचं सर्व मार्गांनी मिळून वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण त्याच निर्णयात एक अट आहे आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. व्यवस्थापन कोटा किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश असेल तर मुलगी कितीही हुशार असो आणि घरचं उत्पन्न कितीही कमी असो, एक रुपया मिळत नाही. खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या निर्णयातून वगळलेली आहेत. त्यामुळे मोठ्या नावाच्या जागी चौकशी कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : हे विद्यापीठाला संलग्न कॉलेज आहे, की स्वतःच खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ आहे?

पालक शिष्यवृत्तीचा विचार प्रवेशानंतर सुरू करतात, याचं मला टेबलावर बसून फार वाईट वाटायचं. फॉर्म भरायला आलेल्या बापाच्या हातात संस्थास्तराची पावती दिसली की सांगावं लागायचं, "काका, यावर अर्जच होत नाही." तोवर दागिने मोडलेले असायचे. शिष्यवृत्ती मिळणार की नाही हे जागा कोणत्या वाटेने घेतली त्यावरच ठरून जातं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज ही पुढची गोष्ट.

आता सांगलीकडच्या कॉलेजचा हिशेब बघू. मुलींची माफी आहे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची. विकास शुल्क, विमा, ओळखपत्र, अनामत, वसतिगृह, मेस हे त्यात येत नाही. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फीच्या कागदावर शिक्षण शुल्क ९६ हजार, विकास शुल्क ९,६०० आणि किरकोळ २,४०० असं लिहिलं आहे. म्हणजे ९६ हजार माफ, घरातून १२ हजार. त्यात वसतिगृहाचे ५० हजार धरा. वर्षाला ६२ हजार, चार वर्षांचे साधारण अडीच लाख. पुण्याला माफी शून्य : १ लाख ६५ आणि ९० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ५५ हजार. चार वर्षांचे १० लाखांच्या वर. मेस आणि येणं-जाणं यात अजून धरलेलंच नाही. तुमच्या घरच्या उत्पन्नावर हा बोजा मुलीचं शिक्षण मध्येच थांबवू शकतो. ते आकडे तिच्यासमोर कागदावर मांडा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घरचा हिशेब समजतो, आणि तिला तो कळायलाच हवा.

कॅपच्या फेऱ्या अजून शिल्लक असतील आणि नियमात बसत असेल, तर पुण्याची कॉलेजं पर्यायांच्या यादीत वर टाकून बघता येईल. कॅपमधून पुणं मिळालं तर ही सगळी माफी तिथेही लागू. मात्र हातातली जागा कोणत्या फेरीनंतर सुटते ते वाचूनच पुढे जा.

कॉलेज सांगतं तीच फी बरोबर का, हेही तपासता येतं. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसते. शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, याची फोड तिथे मिळते. कॉलेजने त्याहून वेगळी रक्कम मागितली तर लेखी मागा. पावतीशिवाय रोख तर मुळीच देऊ नका. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

पात्र मुलींकडून माफीतलं शुल्क आधी भरून घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही खिडकीवर "आधी पूर्ण भरा" म्हणाले, तर भांडू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या, पोच घ्या. तेवढ्याने काम झालं नाही, तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात जा. सांगलीसाठी ते पुण्याला आहे.

एक सूचना तुमच्यासाठी नाही, पण इतर ओबीसी पालकांनी वाचावी. नॉन-क्रिमीलेयर हातात आहे म्हणजे फीमाफी ठरली, असं समजू नका. नॉन-क्रिमीलेयरच्या उत्पन्नमर्यादेत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी मात्र सगळं धरतात. त्यामुळे ११ लाख पगार असलेल्या शिक्षकाच्या मुलीला नॉन-क्रिमीलेयर मिळू शकतं, जागा ओबीसीतून मिळू शकते, आणि तरीही फी पूर्ण भरावी लागते.

वसतिगृहाच्या ५० हजारांचं काय? सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, विमुक्त-भटक्या मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. गाव किती मोठं त्यावर रक्कम ठरते; मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार, लहान ठिकाणी कमी. अर्ज जरूर करा. पण जागा मर्यादित असतात, म्हणून हे पैसे आल्याशिवाय हिशेबात धरू नका. मिळाले तर शिलाई मशीनच्या कमाईतले तेवढे तुमच्या हातात राहतील.

प्रश्न : मुलगा बुलढाणा जिल्ह्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ओपनमधून. मागच्या वर्षीचा ईबीसी शिष्यवृत्तीचा (खुल्या वर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची) अर्ज मंजूर, पैसे वाटप झाले असं पोर्टलवर दिसतं. बँकेच्या पासबुकात काहीच नाही. कॉलेज म्हणतं आमचा संबंध नाही. पैसे गेले कुठे?

उत्तर : बहुतेक दुसऱ्याच खात्यात गेले असतील, आणि ते खातंही तुमच्या मुलाचंच असेल. महाडीबीटीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. आधार क्रमांकाला ज्या बँकेचं खाते शेवटी जोडलं गेलं असेल तिकडे जातात. अकरावीत कुठे झीरो बॅलन्सचं खातं उघडलं असेल, किंवा सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं काढलं असेल. मुलाला आठवतही नसेल.

आधारच्या संकेतस्थळावर मुलाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने "बँक सीडिंग स्टेटस" बघा. तिथे बँकेचं नाव दिसतं. त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. पैसे सापडले तर प्रश्न सुटला. मग हवं असलेल्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म देऊन जोडणी बदलून घ्या. आधार खात्याला "लिंक" आहे असं काउंटरवर सांगितलं तरी तेवढ्यावर परत फिरू नका. डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत बँक दिसते का, तेच विचारा.

यंदाचा अर्ज भरला का? दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप होत नाही. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून नवा काढा. हजेरी निम्म्याच्या खाली गेली की अर्ज अडकतो, हे मुलालाही सांगा. ही योजना घरातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच आहे. तिसऱ्यासाठी आशा धरणारे पालक मी पाहिलेत, त्यांना हे आधी कळायला हवं होतं.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे. उत्पन्न ६ लाख. मुलाला कॅपमधून राज्य सरकारच्या एका चांगल्या संस्थेत जागा मिळाली, ओपनमधून. शिक्षण शुल्क ९० हजार. राहण्या-खाण्यासह चार वर्षांना आणखी ४ लाख तरी लागतील. आंब्याच्या कलमांची बाग विकायची की कर्ज काढायचं?

उत्तर : बाग विकू नका. आधी ईबीसीचा अर्ज करा. मुलाला निम्मं शिक्षण शुल्क मिळेल, म्हणजे वर्षाला ४५ हजार. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्या. ४ लाखांपर्यंतच्या कर्जात बँका तुमचा स्वतःचा हिस्सा मागत नाहीत, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पालक म्हणून तुमची सही सहकर्जदार म्हणून लागेल. हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेबद्दल बँक तुम्हाला सांगेल. एनआयआरएफमध्ये (केंद्राच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत) पहिल्या १०० मधल्या संस्था, १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारच्या संस्था आणि केंद्र सरकारच्या सगळ्या संस्था तिच्या यादीत आहेत. ८ लाखांच्या आतल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ती सवलत मिळत नाही. शिष्यवृत्ती सोडली तर पूर्ण फी आणि वरचे ४ लाख मिळून कर्ज ७ लाख ६० हजारांचं; त्यावर ३ टक्के म्हणजे वर्षाला फार तर २३ हजार. इकडे ईबीसीचे ४५ हजार. तेव्हा शिष्यवृत्ती सोडून सवलतीमागे जाऊ नका.

बँकेत जाताना प्रवेशपत्र, कॅपचं वाटपपत्र, फीची फोड आणि चार वर्षांच्या खर्चाचा संस्थेचा शिक्का असलेला अंदाज बरोबर न्या. वसतिगृह, मेस, लॅपटॉप हेही त्या अंदाजात लिहून घ्या. कर्जात ते बसतं. शाखेत तोंडी "होत नाही" म्हणाले तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. तिथे अर्जाला क्रमांक मिळतो, आणि नाकारायचं असेल तर बँकेला कारण द्यावं लागतं.